पिकले पान म्हणून माणूस खुडता काय?

हंगामात धर्माबादच्या मोंढ्यात पाय ठेवला की नव्या माणसाला आधी शिंक येते, मग ठसका लागतो, मग डोळ्यांतून पाणी. लाल मिरचीचे ढीग, पोती, काटा, अडत्याची हाळी आणि या सगळ्यावर पसरलेला तो खकाणा. इथल्या हमालाला तो जाणवतसुद्धा नाही. चाळीस वर्षे पाठीवर मिरचीची पोती वाहिलेला असाच एक म्हातारा हमाल गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या ओसरीवर पाहिला. वय बहात्तर. मांडीवर स्टीलची वाटी, वाटीत गाळून घेतलेली भाताची पेज. एक चमचा तोंडात घ्यायचा, मान किंचित डावीकडे वळवायची, डोळे मिटायचे आणि गिळायचे. गिळले की तळहाताने कान दाबून धरायचा, कारण कळ उठते घशात आणि जाते कानात. ती एवढीशी वाटी संपायला पाऊण तास लागला. इतक्यात चुलीवर फोडणी पडली, तसा तो भिंतीला धरून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. जन्मभर मिरचीत वावरलेल्या माणसाला मिरचीचा वासही सोसवेना.

तपासण्या झाल्या होत्या. तुकडा काढून पाठवला होता, रिपोर्टही आला होता. घशाचा कर्करोग. मानेतल्या एका गाठीपर्यंत पोहोचलेला, पण फुप्फुसे स्वच्छ. म्हणजे बरे होण्याची आशा धरून उपचार सुरू करावेत असा टप्पा. तो रिपोर्ट कुठे होता? देवळीत, विजेच्या बिलांखाली. पुढे काय केलेत, असे विचारल्यावर थोरला मुलगा म्हणाला, "आता वय झालंय आबाचं. पिकलं पान हाय. ह्या वयात कशाला हाल करायचे?" आबांना विचारलंत का? "त्यांना कशाला सांगायचं? घशाला सूज हाय म्हणून सांगितलंय." आणि दवाखान्यात काय म्हणाले? "ते बी हेच म्हणले. घरी न्या, सेवा करा."

पिकले पान! काय ही आमची भाषा, आणि या भाषेआड लपलेली काय ही आमची निर्दयता! झाडाचे पान पिकते तेव्हा देठ आपसूक सुटतो. पानाला भूक लागत नाही, तहान लागत नाही, मध्यरात्री पाण्याचा घोट अडकून ते गुदमरून उठत नाही. घशाच्या कर्करोगाचा रोगी मात्र गळून पडत नाही. त्याचे आधी जेवण तुटते, मग पाणी तुटते. थुंकी गिळता येत नाही म्हणून उशाशी डबा ठेवावा लागतो. गाठ वाढली की श्वासाची वाट कोंडते, कधी रक्त फुटते. उपचारांचे हाल नकोत म्हणणाऱ्यांनो, हे हाल कोणाच्या खात्यावर मांडणार? हाल टाळायचे म्हणून तुम्ही त्या माणसाला याहून मोठ्या हालांच्या हवाली केलेत, आणि वर त्याला सेवा म्हणता! आम्हाला हा शब्द या ठिकाणी ऐकवत नाही.

हा एका घराचा दोष असता तर अग्रलेखाची जागा आम्ही त्यासाठी खर्ची घातली नसती. बिलोलीपासून देगलूरपर्यंत, उमरीपासून उदगीरपर्यंत कोणत्याही गावच्या पारावर बसा आणि कर्करोग झालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट काढा. शेवट एकच ऐकू येतो: वय झालं होतं. जणू वय हाच रोग आणि वय हाच निकाल! पन्नाशीच्या माणसाला गाठ निघाली तर घर शेत गहाण टाकून धावते. सत्तरीच्या माणसाला तीच गाठ निघाली तर तेच घर देवाचे नाव घेते. आणि ती गाठ आजीच्या घशात निघाली तर देवाचे नाव घेण्याइतकाही वेळ कोणाला नसतो. बाईने आयुष्यभर मिश्री लावली, निजामाबादेच्या कारखानदारीसाठी दिवसाला शेकड्याने बिड्या वळल्या, लेकरे वाढवली. आता तिचा आवाज बसला तर 'म्हातारी उगीच कुरकुर करते' इतकेच तिच्या वाट्याला येते.

रोग काय आहे, हे आधी नीट समजून घेऊ. घसा म्हणजे एक जागा नव्हे. जिभेचे मूळ आणि टॉन्सिलचा भाग, आवाजाची पेटी म्हणजे स्वरयंत्र, आणि त्यामागची अन्ननलिकेकडे जाणारी वाट, या तिन्ही ठिकाणी हा कर्करोग होतो. बिडी, तंबाखू आणि दारू ही त्याची मोठी कारणे. बिडी आणि दारू एकत्र आली की धोका नुसता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. आमच्या सीमेवर शिंदीचे दुकान आणि बिडीचे बंडल यांची सोयरीक जुनी आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली. ती बंदी कशी पाळली जाते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कोणत्याही शाळेजवळच्या टपरीमागे पडलेल्या पुड्या मोजाव्यात! आवाज तीन आठवड्यांवर घोगरा राहिला, घास अडकू लागला, एकाच बाजूचा कान ठणकू लागला, मानेत न दुखणारी गाठ लागली, तर ते म्हातारपण नव्हे, ती घशाची हाक आहे. ती हाक आली की कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचे सोडून आपण हळद-मध देतो, झाडपाल्यावाल्याकडे नेतो, आणि तुकडा काढायची वेळ आली की गावातला शहाणा सांगतो, लोखंड लागलं की रोग पसरतो. पसरत नाही! रोग पसरतो तो आपल्या उशिरामुळे.

आता उपचार. गावात किरणोपचाराला शेक म्हणतात आणि औषधांच्या सलाइनला किमो. शब्द चांगले आहेत, आम्हीही तेच वापरू. घशाचा रोग जागच्या जागी पुढे गेलेला असेल, पण दूर पसरलेला नसेल, तेव्हा हे दोन्ही एकत्र देतात. शेक देतात ७० ग्रेच्या आसपास (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), आणि तेवढा डोस एकदम देता येत नाही म्हणून त्याचे ३५ भाग करतात. आठवड्याचे पाच दिवस, असे सात आठवडे. रोज यंत्राखाली काही मिनिटेच जातात, पण मान केसभरही हलता कामा नये, म्हणून रोग्याच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात आणि तो मेजाला घट्ट बसवतात. सोबत आठवड्याला किंवा तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन नावाचे औषध शिरेतून देतात. हे औषध कर्करोगाच्या पेशींना किरणांपुढे दुबळे करते. एकाने धरायचे, दुसऱ्याने मारायचे, असा हा जोडकारभार.

याचा लाभ काय? पहिला लाभ आवाजाचा. पूर्वी स्वरयंत्राचा पुढे गेलेला कर्करोग म्हणजे स्वरयंत्रच काढून टाकणे आणि गळ्याला कायमचे भोक. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी औषध आणि मग किरण, असा मार्ग धरलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचे स्वरयंत्र वाचले, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तुलनेत त्यांचे आयुष्य कमी झाले नाही. पुढे दोन्ही एकाच वेळी देणे अधिक परिणामकारक ठरले. आजोबा नातवाला हाक मारू शकतात की नाही, यातला फरक म्हणजे हा उपचार.

पण आम्ही रुग्णाची बाजू घेतो म्हणून अर्धे सत्य सांगणार नाही. हा उपचार खडतर आहे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघाल्यासारखे होते. लाळ चिकट होते, चव जाते, वजन उतरते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करते, कानात शिट्टी वाजवते, ऐकू येणे कमी करते. त्याला भरपूर पाणी लागते. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो, गिळता येत नसलेला म्हातारा दिवसभरात दोन फुलपात्री पाणीही पोटात घालू शकत नाही. अशा माणसाला तपासणी न करता सिस्प्लॅटिनचा डोस चढवणे हा उपचार नव्हे. मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील तर तो अपराध आहे.

म्हणजे मुलगा म्हणाला ते बरोबर का? थांबा. इथेच या अग्रलेखाचा गाभा आहे, आणि इथे वाचकांनी आमच्याबरोबर जरा सावकाश चालावे.

दुसरा लाभ आयुष्याचा. डोके-मान यांच्या कर्करोगावर जगभर झालेल्या ९३ चाचण्या आणि १७ हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र हिशेब २००९ साली मांडला गेला. किरणांसोबत औषध दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. पण वय वाढत जाते तसा हा लाभ घटतो, आणि सत्तरीपुढे तो दिसेनासा होतो, हेही त्यातच दिसले. याच ओळीचा आधार घेऊन अनेक डॉक्टर सत्तरी ओलांडलेल्याला किमो नाकारतात. त्यांना आमचा प्रश्न आहे: त्या चाचण्यांमध्ये सत्तरीपुढचे होते तरी किती? मूठभर! चाचणी रचताना म्हाताऱ्यांना दाराबाहेर उभे करायचे, आणि निकाल लागल्यावर त्याच म्हाताऱ्यांना सांगायचे की तुमचा लाभ दिसला नाही! पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक सत्तरीपार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एकाहत्तर ते एक्क्याऐंशी या वयातल्या, इतर आजार फारसे नसलेल्या आणि रोग पुढे गेलेल्या रुग्णांमध्ये दोन्ही उपचार मिळालेले अधिक जगल्याचे दिसले. त्यापुढच्या वयात तो लाभ दिसला नाही. नोंदींचा अभ्यास आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण सत्तर या आकड्यावर कुलूप घालणाऱ्यांच्या हातातून किल्ली काढून घ्यायला तो पुरेसा आहे.

आणि सिस्प्लॅटिन झेपत नसेल तर? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हाच प्रश्न हातात घेतला. ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही अशा ३५६ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते किरण दिले, निम्म्यांना किरणांसोबत दर आठवड्याला डोसेटॅक्सेल या औषधाची लहान मात्रा. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी नुसत्या किरणांच्या गटात ४१.७ टक्के जिवंत होते, औषध जोडलेल्या गटात ५०.८ टक्के. तोंड सोलणे आणि गिळण्याचा त्रास औषधाच्या गटात वाढला, हेही नोंदले आहे. ते सगळे रुग्ण म्हातारे नव्हते, हे आम्ही लपवत नाही. पण 'सिस्प्लॅटिन नाही तर काहीच नाही' हा वाद मुंबईतच, आपल्याच माणसांवरच्या अभ्यासाने, मोडीत निघाला. मग ही बातमी पाऊणशे किलोमीटरवरच्या नांदेडहून धर्माबादेला यायला किती वर्षे लागणार?

तेव्हा दोन पापे आहेत, आणि आम्ही दोन्हींवर बोट ठेवतो. आधार कार्डावरची जन्मतारीख पाहून उपचार नाकारणे हे एक. आणि माणूस न पाहता सगळ्यांना एकच पुडी बांधून देणे हे दुसरे. दोन्ही पापांचे मूळ एकच: माणसाकडे न पाहणे. सत्तरीतला एक जण रोज पहाटे शेताला पाणी द्यायला जातो, दुसरा खाटेवरून उठताना दोनदा पडतो. या दोघांना एकाच मापाने तोलणारा डॉक्टर कसला आणि दवाखाना कसला?

माणूस पाहायचा कसा, याचे शास्त्र तयार आहे आणि त्याला कोटी रुपयांचे यंत्र लागत नाही. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. किती सेकंद लागले ते घड्याळात पाहा. सहा महिन्यांत वजन किती उतरले? गेल्या वर्षात किती वेळा पडलात? दिवसाला किती गोळ्या घेता? कालचे जेवण आठवते का? घरी कोण असते? रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांचा हिशेब, कानाची तपासणी, दातांची तपासणी. दातांची विशेष, कारण किडका दात आधी न काढता शेक दिला आणि मग तो काढावा लागला, तर जबड्याचे हाड कुजू शकते. हे सगळे तासाभराचे काम आहे. नर्सताईंना शिकवले तर त्या करतील, आणि त्यावरून ठरेल की या आजोबांना दोन्ही उपचार झेपतील, त्या आजींना नुसते किरण, आणि तिसऱ्याला आधी महिनाभर खाऊपिऊ घालून उभे करायला हवे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, बरे न होणाऱ्या विविध कर्करोगांच्या ७१८ रुग्णांवर अशी मोजणी करून तिचा अहवाल निम्म्यांच्या डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा त्या गटात उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ५१ टक्क्यांना झाले, अहवाल न दिलेल्या गटात ७१ टक्क्यांना, आणि आयुष्य घटले नाही. २०२१ चा हा निकाल. टाटा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा कर्करोग बाह्यरुग्ण विभाग काही वर्षांपासून चालतो. मराठवाड्यात तो कधी चालणार?

नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. देशाला दोन गृहमंत्री दिले. एवढी सत्ता ज्या मातीने भोगली, त्या मातीतल्या माणसाला सात आठवडे रोज शेक घ्यायला कुठे जावे लागते? सरकारी कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला, २०१२ पासून. म्हणजे धर्माबादहून तीनशे किलोमीटरच्या वर. लातूरला विवेकानंद रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय, ही लोकांच्या पुण्याईने उभी राहिलेली ठिकाणे. सीमेपलीकडे हैदराबादचे एमएनजे रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरकारी उपचार आमच्या राजधानीपेक्षाच नव्हे, आमच्या विभागाच्या ठिकाणापेक्षाही परराज्यात जवळ! धर्माबाद-बिलोलीच्या सीमेवरची गावे मधून मधून तेलंगणात जाऊ म्हणतात, तेव्हा पुढारी त्यांना अस्मिता शिकवायला येतात. अस्मिता सांगणाऱ्यांनी एकदा पहाटेची मराठवाडा एक्सप्रेस धरावी, सोबत नाकात अन्नाची नळी घातलेला म्हातारा घ्यावा, आणि मग बोलावे.

धर्माबादचे नाव देशाला कळले ते बाभळीमुळे. गोदावरीवरच्या त्या बंधाऱ्याला विरोध करायला आलेल्या आंध्रच्या चंद्राबाबू नायडूंना २०१० च्या जुलैत इथेच अडवून ठेवले, विधिमंडळे हादरली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला. आता १ जुलैला दरवाजे वर जातात, २८ ऑक्टोबरनंतर खाली येतात, तारीख चुकत नाही. पाण्याच्या थेंबाथेंबासाठी दोन राज्ये भांडली, ते योग्यच झाले. पण त्याच बंधाऱ्याच्या काठच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नाही, त्यासाठी एक तारांकित प्रश्नसुद्धा विचारला जाऊ नये? दरवाजा उघडायची तारीख बंधाऱ्याला असते. शेक सुरू व्हायची तारीख माणसाला का नसावी?

तारखेचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही. घशाच्या कर्करोगात शेक मधेच थांबला की उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. चुकलेल्या एकेका दिवसामागे रोग ताब्यात राहण्याची शक्यता एक ते दीड टक्क्याने घटते, असा ढोबळ हिशेब डॉक्टर मांडतात. यंत्र आठवडाभर बंद पडले, पोराला सोयाबीनच्या काढणीसाठी गावी यावे लागले, राहायला जागा नाही म्हणून म्हातारा चार दिवस घरी आला. प्रत्येक वेळी रोग पुढे सरकतो. म्हणून नुसते यंत्र पुरत नाही. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, डोस मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ, नळी घालणारी नर्स आणि रुग्णालयाच्या आवारात दोन माणसांपुरती स्वच्छ खोली, हे सगळे एकत्र लागते.

सरकार म्हणेल, योजना आहेत. आहेतच! महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पूर्वावतार २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नांदेड होते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे. आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो, घरातल्या सत्तरीपारच्या माणसाचे हे कार्ड आजच काढा, आणि निघण्याआधी कोणते रुग्णालय यादीत आहे ते विचारून घ्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. एसटीत पंचाहत्तरीपुढे मोफत प्रवास आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि ज्येष्ठांची रेल्वेसवलत २०२० साली बंद झाली ती झालीच. शिवाय सोबत्याची सात आठवड्यांची बुडालेली रोजंदारी कोणत्याच योजनेत बसत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांत परगावी दोन माणसे कशी राहतात, ते हे अनुदान ठरवणाऱ्यांनी एक आठवडा राहून दाखवावे.

कायदाही आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा. त्याचे कलम २० सांगते की सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा असाव्यात, वेगळी रांग असावी, दीर्घ आणि असाध्य आजारांवरच्या सोयी वाढवाव्यात, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरच्या हाती वेगळी व्यवस्था असावी. संसदेने हे लिहिले त्याला वर्षे किती झाली, ते मोजा आणि आपल्या जिल्ह्यात ती व्यवस्था कोणत्या मजल्यावर आहे, ते शोधून दाखवा. २०२३ साली नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, तेव्हा देशभर आरडाओरड झाली, चौकशा झाल्या. म्हातारे मात्र एकेकटे, आपापल्या ओसरीवर मरतात. त्यांची बेरीज कोणी करत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणाची चौकशीही होत नाही.

२०२५ साली मंत्रिमंडळाने कर्करोग उपचाराचे त्रिस्तरीय धोरण मंजूर केले, १८ रुग्णालयांत सोय देण्याचे ठरवले, महाकेअर नावाची संस्था काढली. स्वागत आहे. पण या सरकारी कागदाला आमची एक अट आहे: त्यात वृद्धांचे स्वतंत्र पान हवे. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी सरकारी छपराखाली शेक आणि किमो मिळाला पाहिजे, प्रत्येक वृद्ध रुग्णाची ती तासाभराची मोजणी उपचार ठरण्याआधी सक्तीची झाली पाहिजे, आणि 'वय' एवढेच कारण लिहून उपचार नाकारलेला एकही केसपेपर चालता कामा नये. नाकारायचे तर मूत्रपिंडाचा आकडा लिहा, चालण्याचे सेकंद लिहा, खाली सही करा! बार्शीने दाखवून दिले आहे की गावपातळीवर हे काम होते. तिथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते. नोंद घेणारे कार्यकर्ते गावोगाव बसून लक्षणे समजावत, आणि बायकांचा गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागला. जे बार्शीच्या बायांसाठी झाले ते बिलोली-धर्माबादच्या म्हाताऱ्यांसाठी का होऊ नये?

आता घरांकडे वळतो, कारण सरकारला शिव्या देऊन आपला उंबरा स्वच्छ होत नाही. मुलांनो, बापाचा रोग बापापासून लपवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ज्याने तुमच्या नावावर सातबारा करून दिला, तो समजूतदार. आणि त्याला स्वतःच्या घशातली गाठ समजणार नाही, असे तुम्ही ठरवता! मालमत्ता लिहून घेऊन सांभाळ न करणाऱ्याच्या विरोधात ते बक्षीसपत्र रद्द करण्याची सोय त्याच २००७ च्या कायद्यात, कलम २३ मध्ये आहे, एवढे लक्षात असू द्या. पण कायद्याचा धाक दाखवून आम्हाला प्रेम मागायचे नाही. आम्ही एवढेच म्हणतो की सांगा. आबा, घशात कर्करोग आहे. सात आठवडे शेक आहे. त्रास होईल, नळीतून जेवावे लागेल, बरे होण्याची आशा आहे, हमी नाही. आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. ते 'नको' म्हणाले तर तोही त्यांचा हक्क आहे. तेव्हा घरी न्या, सेवा करा हे म्हणायला तुम्ही पात्र ठरता, आणि त्या सेवेत मॉर्फिनच्या गोळ्या असायला हव्यात; २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून त्या मिळण्याची वाट सोपी झाली आहे. वेदनेने ओरडणाऱ्या माणसाच्या उशाशी नुसती पोथी ठेवणे म्हणजे सेवा नव्हे.

आणि ते 'हो' म्हणाले तर अख्ख्या घराने कंबर कसावी. नळीतून द्यायचे अन्न आमच्या स्वयंपाकघरात आहेच: ज्वारीची आंबील, हुलग्याचे माडगे, दूध, उकडलेल्या अंड्याचे पातळ मिश्रण, सगळे फडक्यातून दोनदा गाळून. दर दोन तासांनी. सुनेने एकटीने नव्हे. मुलाने, नातवाने, पाळी लावून. रोज वजन करायचे आणि भिंतीवर खडूने लिहायचे.

ओसरीवरच्या त्या आबांना आम्ही निघताना विचारले, दुसऱ्या गावी जाऊन दीड-दोन महिने राहायची तयारी आहे का? आवाज जवळजवळ गेलेलाच. त्यांनी आधी मुलाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि दोन बोटे गळ्याला लावून खसखसत्या आवाजात म्हणाले, "बरं होत असल तर जाऊ की. मला कुणी इचारलंच नाही."

धर्माबादच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या सकाळी ओपीडी उघडेल. व्हरांड्यात एक खुर्ची मांडा. तिथून तीन मीटरवर खडूने रेघ ओढा. नर्सताईंच्या हातात घड्याळ द्या, आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांना त्यांच्या नावाने हाक मारा.